बिघडलेलं चित्र आणि न बिघडलेलं चित्र

'मॉडर्न आर्ट' हा आपल्या मराठी घरांमधला एक शिवीवजा शब्दप्रयोग आहे. भिंतीला ओल आली, पोरानं सोफ्यावर स्केचपेन फिरवलं, कुणाची पहिलीवहिली पोळी आफ्रिकेच्या नकाशासारखी झाली, की कुणीतरी हमखास म्हणणार, "वा, मॉडर्न आर्ट!" आणि सगळे हसणार. मीही हसतो. पण गेली काही वर्षं हा विनोद माझ्या डोक्यात जायला लागलाय. त्यातून गेल्या महिन्यात सातारला आमच्या घरी तो अशा काही प्रसंगी झाला, की त्याचं चक्क तांत्रिक पातळीवर खंडन करणं मला भाग आहे. इंजिनियर माणूस, दुसरं काय करणार! :-)

प्रसंग डिशचा. बाबा बँकेतून रिटायर झाल्यापासून दर महिन्याच्या प्रत्येक खर्चाचं ऑडिट करतात. टीव्हीच्या पॅकेजवर त्यांचा शेरा असा, की "मी बघतो बातम्या आणि सह्याद्री, तुझी आई बघते त्या दोन मालिका. बाकीची दोनशे चॅनेल्स कुणासाठी घेतली आहेत?" तर बाबांनी ठरवलं डीडी फ्री डिश घ्यायची. प्रसार भारतीची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावानं सुरू झाली. महिन्याचं भाडं शून्य. एकदा डिश आणि बॉक्स विकत घेतला की संपलं. दोन्ही वस्तू बाबांनी आणून ठेवल्या होत्या. बसवून देणारा मात्र चार दिवस "उद्या नक्की येतो साहेब" म्हणत होता. शनिवारी मी पोचलो आणि काम अंगावर घेतलं.

आता हे काम करताना काय होतं ते जरा नीट सांगतो, कारण पुढचा सगळा वाद त्यावरच उभा आहे. (ज्यांना यात रस नाही त्यांनी दोन परिच्छेद गाळावेत, पण मग वाद घालायला येऊ नये.)

फ्री डिशची चॅनेल्स जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. हा नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडलेला उपग्रह, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या डोक्यावर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर आहे. पृथ्वी फिरते त्याच वेगानं तोही फिरतो म्हणून आपल्याला एकाच जागी वाटतो. सातारा साधारण ७४ अंश रेखांशावर. म्हणजे बघायचं आग्नेयेकडे. गणित केलं तर उत्तरेपासून साधारण १३० अंश, आणि क्षितिजापासून साधारण ५९ अंश वर. मोबाईलचं होकायंत्र स्लॅबमधल्या सळयांजवळ नेलं की भंजाळतं, त्यामुळे ते छातीच्या उंचीवर धरून बघायचं. आणखी एक गंमत म्हणजे ही डिश 'ऑफसेट' असते. ती दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघत असते. आईला वाटलं मी ती समोरच्या काकूंच्या गॅलरीवर रोखतोय. साठ सेंटिमीटरच्या डिशला दिसतं किती, तर आकाशाचा दोन-तीन अंशांचा तुकडा. हात लांब करून अंगठा धरला तर अंगठ्यामागे जेवढं आकाश झाकलं जातं, तेवढंच. त्या अंगठ्याएवढ्या तुकड्यात छत्तीस हजार किलोमीटरवरचा ठिपका पकडायचा.

डिशच्या तोंडाशी जो डबा असतो तो एलएनबी. दहा-बारा गिगाहर्ट्झचा सिग्नल तो खाली उतरवून केबलमधून जाण्याजोगा करतो. त्याच केबलमधून उलट दिशेला बॉक्स त्याला वीज पुरवतो: १३ व्होल्ट दिले तर तो उभ्या ध्रुवणाचा सिग्नल घेतो, १८ दिले तर आडव्या. एका तारेत एवढे निरोप! मला ही युक्ती जाम आवडते. मग बॉक्सच्या मेनूत जाऊन उपग्रह निवडायचा, एलएनबीचे ९७५० आणि १०६०० हे आकडे भरायचे, आणि पडद्यावर दोन पट्ट्या येतात. एक स्ट्रेंग्थ, दुसरी क्वालिटी. नवखा माणूस पहिली पट्टी बघून खूश होतो. ती भरलेली दिसते, कारण एलएनबी स्वतःच गोंगाट करत असतो आणि पट्टी तोही मोजते. खरी पट्टी दुसरी. गोंगाटातलं कामाचं किती, ते ती सांगते. मी गच्चीवर पान्हा घेऊन, बाबा खाली टीव्हीसमोर, आणि मध्ये फोन. "स्ट्रेंग्थ सत्तर, क्वालिटी शून्य." केसभर फिरवलं. "शून्य." अजून केसभर. "शून्य... थांब, थांब, वीस!" आणि मग फोनवर खो-खो हसू. "अरे, खाली ये लवकर. तुझं मॉडर्न आर्ट लागलंय!"

खाली जाऊन बघितलं. बातम्या देणाऱ्या बाईंच्या चेहऱ्याचे चौकोन झाले होते. डावा गाल मागच्या जाहिरातीतल्या साबणाच्या फेसात गेलेला, हनुवटीच्या जागी हिरवी पट्टी. दिसायला मजेदार होतं, नाही म्हणत नाही. परत वर जाऊन आणखी थोडं फिरवलं, क्वालिटी अडुसष्टावर गेली, बाईंना चेहरा परत मिळाला, नट आवळले, चहा झाला. डिशचा विषय संपला. माझ्या डोक्यातला सुरू झाला.

ते चौकोन का पडतात? डिजिटल चित्र दर वेळी पूर्ण पाठवलं जात नाही. एमपेग पद्धतीत चित्राचे छोटे-छोटे चौकोन पाडतात, आणि बहुतेक वेळा 'आधीच्या चित्रातला हा चौकोन जरा डावीकडे सरकवा, एवढा फरक करा' अशा फक्त सूचना येतात. सूचना वाटेत हरवल्या की बॉक्स बिचारा हाताशी असलेलं जुनं चित्र तसंच ठेवतो आणि नव्या सूचना त्यावरच लागू करतो. म्हणून गालात साबण. लहानपणी जुन्या टीव्हीवर 'मुंग्या' यायच्या, त्याचंही तेच. तो नुसता गोंगाट होता, त्यातला एक छोटा अंश तर विश्वाच्या जन्मापासून उरलेल्या प्रारणाचा. ऐकायला भव्य वाटतं, पण तरी गोंगाटच. म्हणजे बिघडलेल्या चित्राची व्याख्या अगदी सोपी आहे. एक ठरलेलं चित्र होतं, ते पोचायला हवं होतं, पोचलं नाही. उरलेल्या जागा कुणीही ठरवून भरलेल्या नाहीत.

आणि अमूर्त चित्र नेमकं याच्या उलट असतं. तिथे हरवलेलं काही नाही. न पोचलेली बाई त्या चित्रामागे लपलेली नाही. जे आहे ते सगळं समोर आहे, आणि प्रत्येक इंच कुणीतरी ठरवून तसा ठेवलाय. 'यात काय आहे ते ओळखा' हा खेळच तिथे नाही. आपण मात्र तो खेळायला जातो, हरतो, आणि हरल्याच्या रागात म्हणतो की चित्र बिघडलंय.

पीट मॉन्ड्रियानचं उदाहरण घ्या, कारण त्याचा प्रवास अक्षरशः पायरी-पायरीनं दिसतो. १९०८ ते १९१२ या काळात हा माणूस झाडं काढत होता. सुरुवातीचं लाल झाड स्पष्ट झाड आहे. १९११ चं करड्या रंगातलं झाड म्हणजे फांद्यांच्या कमानी. १९१२ च्या सफरचंदाच्या झाडात झाड जवळजवळ विरघळलंय, उरलाय फक्त कमानींचा ताल. पुढे सगळं आडव्या-उभ्या रेघांवर आलं. ज्याला झाड काढता येत नव्हतं असा हा माणूस नव्हे. झाडातलं आपल्याला नक्की काय हवंय, हे तो वर्षानुवर्षं तासून बघत होता. कोडमध्ये आपण रिफॅक्टरिंग करतो ना, तसं, फक्त इथे डेडलाईन नाही आणि टेस्ट केसेसही नाहीत.

कँडिन्स्कीची गोष्ट आणखी मस्त आहे. कायद्याची चांगली वाट सोडून तिशीत चित्रकला शिकायला म्युनिकला गेलेला हा माणूस (आयटीतल्या बऱ्याच जणांची गुप्त इच्छा!). त्यानं १९१३ च्या आठवणींमध्ये लिहून ठेवलंय की, मॉस्कोत एका प्रदर्शनात मोनेचं गवताच्या गंजीचं चित्र बघताना त्याला ती गंजी ओळखूच आली नाही, कॅटलॉग बघून कळलं, तरी चित्र मनातून जाईना. पुढे एकदा संध्याकाळी स्टुडिओत शिरताना भिंतीशी एक विलक्षण सुंदर चित्र दिसलं. त्यात काय आहे ते कळेना. जवळ जाऊन बघतो तर त्याचंच चित्र, आडवं ठेवलेलं. दुसऱ्या दिवशी दिवसाउजेडी पुन्हा तसंच आडवं ठेवून बघितलं, तर ती जादू गेली होती, कारण आता वस्तू ओळखू येत होत्या. ओळखू येणं हेच आड येतंय, असं त्याला वाटलं.

इथे बाबांचा हुकमी एक्का. त्यांनी २०२२ साली पेपरात वाचलेली बातमी लक्षात ठेवलीय. मॉन्ड्रियानचं १९४१ चं 'न्यूयॉर्क सिटी वन' हे रंगीत चिकटपट्ट्यांचं अपुरं राहिलेलं चित्र, १९४५ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमात लागलं तेव्हापासून उलटं टांगलेलं होतं. १९८० पासून ते जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात, तिथेही उलटंच. प्रदर्शनाची तयारी करताना क्युरेटरच्या लक्षात आलं. चित्रकार गेला त्याच वर्षी, १९४४ मध्ये, एका मासिकात आलेल्या त्याच्या स्टुडिओच्या फोटोत हेच चित्र दुसऱ्या बाजूनं उभं होतं, दाट पट्ट्या वरच्या अंगाला. "सत्त्याहत्तर वर्षं!" बाबा म्हणाले. "आमची डिश दोन अंश हलली तर सह्याद्री जातं. आणि यांचं चित्र एकशे ऐंशी अंश फिरलं तरी कुणाला पत्ता नाही. मग फरक काय राहिला?"

मुद्दा जोरदार आहे, आणि 'तुम्हाला कला कळत नाही' असं म्हणून तो उडवणं म्हणजे शुद्ध हलकटपणा. माझं उत्तर असं. एक म्हणजे, डिशचं काम दुसऱ्याचं चित्र आणणं हे आहे, म्हणून तिला एकच बरोबर दिशा असते. चित्राला कुठून काही आणायचं नसतं. उलटं टांगल्यावर ते वेगळं चित्र झालं, आणि तेही तगलं. दोन म्हणजे, ते कळलं शेवटी रेघांच्या दाटपणावरूनच. दाट पट्ट्या वर, आकाशासारख्या. म्हणजे वर-खाली त्यात होतं, बघणारे बघत नव्हते. आणि तीन, हे बाबांना मान्य करून टाकलं, की कलाजगतातल्या बऱ्याच लोकांनी इतकी वर्षं त्या चित्राबद्दल जे जड-जड लिहिलं असेल, त्यातलं काही आता वाचताना हसू येणारच. संग्रहालयानं ते अजून सुलटं केलेलं नाही, कारण पट्ट्या सुटतील. हे कारण मात्र कुठल्याही मेंटेनन्स इंजिनियरला पटेल. चालतंय ना, मग हात लावू नका!

मी दुसरा प्रयत्न केला तो गाण्याचा. बाबा वर्षानुवर्षं सवाईला जातात. तोडीचा आलाप अर्धा तास चालतो, शब्द नाही, गोष्ट नाही, आणि बाबा डोळे मिटून बसतात. 'याचा अर्थ काय' असं त्यांनी कधी विचारलेलं नाही. मी हे म्हटल्यावर त्यांनी लगेच परतवलं: "गाण्याला व्याकरण असतं बाबा. चुकलं तर कळतं. ह्याला कुठे व्याकरण?" (बाबा मला 'बाबा' म्हणतात तेव्हा ते जिंकत असतात.) खरं आहे. राग आधीपासून आहे, ऐकणाऱ्याच्या कानात आहे. अमूर्त चित्राला दर वेळी स्वतःचं व्याकरण स्वतः उभं करावं लागतं आणि त्याच चौकटीत ते पाळूनही दाखवावं लागतं. म्हणून ते अवघड आहे, आणि म्हणूनच त्यात भामटेगिरीला भरपूर वाव आहे. आमच्या आयटी पार्कच्या लॉबीत जे आठ फुटी निळं-सोनेरी काहीतरी लावलंय, ते सोफ्याच्या कव्हरला मॅच व्हावं म्हणूनच काढलंय याबद्दल मला शंका नाही. खराब अमूर्त चित्रं भरपूर आहेत. खराब निसर्गचित्रंही भरपूर आहेत, पण त्यांच्यावर कुणी हसत नाही. निदान डोंगर तरी ओळखू येतो ना!

हसण्यावरून आठवलं. माझी एक मावसबहीण बारावीनंतर जे.जे.ला जायचं म्हणत होती. तिची वही मी बघितली होती. पावसात भिजलेल्या भिंतींचे नुसते पोत, पानंच्या पानं. घरातल्या मोठ्यांनी ती वही हातोहात फिरवली आणि तोच तो शब्द वापरला. कुणी ओरडलं नाही, कुणी बंदी घातली नाही. सगळे प्रेमानं हसले. तिनं कॉम्प्युटरला अॅडमिशन घेतली, आज माझ्यापेक्षा बरा पगार घेते, मजेत आहे असं म्हणते. ती मोठी चित्रकार झाली असती असा माझा दावा नाही. पण त्या वहीवर कुणी पाच मिनिटं तरी नीट बघून 'हे मला आवडलं नाही' असं म्हटलं असतं, तर तो नकार तरी झाला असता. हसल्यावर काय उत्तर देणार? हा विनोद मला निरुपद्रवी वाटत नाही, त्याचं कारण हे.

आणि आपण काही परके नाही आहोत या प्रकाराला. गायतोंडे आपलेच. वासुदेव संतू गायतोंडे, १९२४ साली नागपूरला जन्मलेले, आईवडील मूळ गोव्याकडचे, वाढले गिरगावातल्या चाळीत, १९४८ साली जे.जे.तून बाहेर पडले. आधी माणसं, आकृत्या अशी चित्रं उत्तम काढत होते. पुढे सगळं सोडलं. १९६४ मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले, १९७१ मध्ये पद्मश्री, १९७२ पासून दिल्ली, आणि २००१ मध्ये गेले. वर्षाला मोजकीच चित्रं व्हायची. रोलर आणि चाकूनं रंगाचे पातळ थर द्यायचे, काढायचे, पुन्हा द्यायचे, आणि मधे नुसतं बसून राहायचं. आपल्या चित्रांना ते 'अॅबस्ट्रॅक्ट' म्हणू देत नसत, 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' म्हणत. शब्दाचा कीस नाही हा. 'अॅबस्ट्रॅक्ट' म्हणजे कशातून तरी काढून घेतलेलं. त्यांच्या चित्राला काढून घ्यायला मागे वस्तूच नव्हती. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतल्या क्रिस्टीजच्या लिलावात त्यांचं एक चित्र २३.७ कोटींना गेलं तेव्हा आपल्याकडे त्यांच्यावर एकदम गप्पा सुरू झाल्या. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या गुगनहाइममध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. किंमत हा पुरावा नव्हे हे उघड आहे. पण होमी भाभांनी टीआयएफआरच्या भिंतींसाठी त्या काळच्या तरुण चित्रकारांची चित्रं जमवली, त्यात गायतोंडेही होते, तेव्हा त्यांना भाव नव्हता. भौतिकशास्त्रज्ञांच्या जेवणाच्या वाटेवर असली चित्रं लावावीत असं त्या माणसाला वाटलं, हे मला २३ कोटींपेक्षा जास्त बोलकं वाटतं.

आता एक खास आपल्या धंद्यातली गोष्ट. 'गूगल करून बघितली गायतोंड्यांची चित्रं, काही विशेष वाटलं नाही' असं मला तीन मित्रांनी सांगितलंय. वाटणार नाहीच! जेपेगही चित्राचे आठ बाय आठचे चौकोन पाडतं. कुठली माहिती टाकायची हे ठरवताना ते असं धरून चालतं की, एकमेकींजवळच्या छटांमधले बारीक फरक माणसाच्या डोळ्याला फारसे जाणवत नाहीत, त्यामुळे ते उडवले तरी चालतील. डोळे, नाक नीट दिसले पाहिजेत. बातम्या देणाऱ्या बाईंसाठी हे गृहीतक झकास आहे. पण गायतोंड्यांचं सगळं काम त्या बारीक फरकांमध्येच आहे. एका पिवळ्याखाली दुसरा पिवळा, त्याखाली करडा, तो कुठे उगवतो आणि कुठे बुडतो, यावर त्यांनी महिने घातलेले. मोबाईलवर त्या जागी एक सपाट पिवळी पट्टी येते, तिच्या शेजारी दुसरी. म्हणजे गंमत बघा, अमूर्त चित्र खरंच बिघडलेलं बघायचं असेल तर ते आपल्या फोनवर मिळतं, आणि तिथे ते बिघडलंय हे कळतसुद्धा नाही, कारण गाल नसतो, साबण नसतो.

तेव्हा मुंबईकरांनो, आणि डेक्कन क्वीननं जाऊ शकणाऱ्या पुणेकरांनो, फोर्टात शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकोल्सन यांच्या संग्रहाचं दालन आहे. त्या संग्रहात गायतोंड्यांची चित्रं आहेत. प्रदर्शनं बदलत असतात, त्यामुळे सध्या भिंतीवर काय लावलंय ते आधी फोन करून विचारा. बाबांना मी पुढच्या महिन्यात नेतोय. त्यांची अट एकच आहे, की मी शेजारी उभा राहून समजावून सांगायचं नाही.